वरच्या खोलीतलं नेट

दुर्गेश्वरी लग्न होऊन सडक अर्जुनीला आली तेव्हा तिच्या मांडीवर कॉम्प्युटरचा स्क्रीन होता. केशोरीहून निघालेल्या गाडीत मागं कपाट, गादी, भांडी होती. ते सगळं तिच्या बापानं, चैतरामनं, दिलेलं. कॉम्प्युटर मात्र तिचा स्वतःचा. लग्नाआधी अर्जुनी मोरगावच्या एका क्लासमध्ये ती पोरापोरींना टायपिंग शिकवायची, त्या कमाईतून घेतलेला. दणके बसू नयेत म्हणून तिनं स्क्रीन चादरीत गुंडाळला आणि वाटभर कुशीत धरून बसली. दारात उतरली तर सासू सुशीलाबाई आरतीचं ताट हातात घेऊन म्हणाली, "काय वो, नवरी लेकरू घेऊनच आली का?"

मांडवातल्या बाया पोट धरून हसल्या. दुर्गेश्वरीही हसली. घर हसरं आहे, असं तिला तेव्हा वाटलं.

घर हायवेला लागूनच होतं. खाली नवरा इंद्रकुमारचं पंप, पाइप आणि वायरचं दुकान, दुकानामागं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. रायपूरकडं जाणारे ट्रक गेले की वरच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्या खिडकीपाशी तिनं कॉम्प्युटर मांडला. सासरे ईश्वरदास दिवसभर दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची सून शिकेल हाय."

ती शिकलेली होती आणि तिला ते माहीतही होतं. कोणी चुकीचं बोललं की तिला राहवायचं नाही. इंद्रकुमार गिऱ्हाइकाला पंपाबद्दल काही सांगत असला आणि ते बरोबर नसलं, तर चहाचा कप ठेवता ठेवता ती सांगून टाकायची. बिघाड दिसला की तो सापडेपर्यंत तिला जेवण गोड लागायचं नाही. माहेरी लोक याचं कौतुक करायचे. सासरी कौतुक करायचं की नाही, हे अजून ठरलेलं नव्हतं.

लग्नानंतर वर्षभरानं तिला काम मिळालं. पाण्याच्या पंपांची एक कंपनी होती, नागपुरात तिचं मदत केंद्र. शेतकऱ्यांचे फोन यायचे, पंप सुरू होत नाही, पाणी येत नाही, मोटर गरम होते. घरी बसून, कानाला हेडफोन लावून, कॉम्प्युटरवरून उत्तरं द्यायची. हिंदी हवी, मराठी हवी आणि धीर हवा. तिच्याकडं तिन्ही होती. फक्त तिच्या जुन्या कॉम्प्युटरला वायफाय नव्हतं, म्हणून तिनं नखाएवढा डोंगल आणून मागं खोचला. खाली दुकानात राउटर होता. त्याचं नेट वर यायला लागलं आणि काम सुरू झालं.

सुरुवातीला सगळ्यांत जास्त आनंद इंद्रकुमारला झाला. काउंटरवर बसून तो सांगायचा, "आमची मिसेस कंपनीत हाय. घरूनच करते." दुपारी वर जाऊन तिच्यासमोर पाण्याचा गिलास ठेवून यायचा.

मग एक दिवस सेवकराम आला. जवळच्या खेड्यातला शेतकरी, बोलका माणूस. दुकानात पाच-सहा जण उभे होते. सेवकराम म्हणाला, "भाऊ, काल कंपनीत फोन लावला त तुमच्याच घरची वहिनी बोलली. पंप सुरू झाला ना! पण काय आवाज हाय, वहिनीचा! एवढा गोड. आता त मोटर चांगली असली तरी फोन लावाचं मन होते."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "मंग लाव ना गा, फुकट हाय." पुन्हा हसले. इंद्रकुमारही हसला. सेवकरामला त्यानं पाइप मोजून दिला, चहा पाजला, वाटेला लावला.

त्याच आठवड्यात गावात नेट जोडून देणारा मुन्ना केबल तपासायला आला, तेव्हा इंद्रकुमारनं त्याला बाजूला घेतलं.

"मुन्ना, एखादी मशीन बंद करता येते का गा, मोबाइलवरून? बाकीच्यायचं चालू ठेवून?"

"येते ना भाऊ. हे अ‍ॅप पाहा. घरातल्या सगळ्या मशिनी दिसतेत. जिले थांबवाचं तिच्यावर बोट ठेवा. पुन्हा ठेवलं का चालू."

"तिले समजते का?"

"कोनाले?"

"मशीनले."

"मशीनले काय समजते, भाऊ!" मुन्ना हसला आणि शिडी उचलून गेला.

पहिल्यांदा इंद्रकुमारनं बोट ठेवलं तेव्हा वर दुर्गेश्वरी जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या एका म्हाताऱ्याशी बोलत होती. म्हातारा विहिरीपाशी उभा होता, ती त्याला कोणतं बटण आधी दाबायचं ते सांगत होती. आवाज एकदम तुटला. खाली काउंटरवर बसलेल्या इंद्रकुमारला डोक्यावरच्या स्लॅबवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं टेबलाकडून दाराकडं गेली आणि परत आली. मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला. त्यानं मान वर करून सगळं ऐकलं आणि पुन्हा बोट ठेवून नेट चालू केलं.

ती खाली आली. राउटरचे दिवे हिरवे होते.

"काय झालं?" इंद्रकुमारनं विचारलं.

"नेट गेलं होतं."

"इथं त चालू हाय. टीव्ही पाहा, चालूनच राहिला."

ती वर गेली. त्या दिवशी त्यानं पुन्हा बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं.

दुर्गेश्वरीनं बिघाड शोधायला घेतला. घरात फक्त तिच्याच कॉम्प्युटरचं नेट जातं, मोबाइलचं जात नाही, म्हणजे दोष आपल्याच यंत्रात, असं तिनं धरलं. कोणीही तेच धरलं असतं. डोंगल मागच्या बाजूला, भिंतीकडं होता. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याच्या आड सिग्नल मरतो, म्हणून तो तिनं पुढं लावला. मग वायर जोडून खिडकीच्या चौकटीवर टांगला. वीज वाचवायला कॉम्प्युटर डोंगलला मधून मधून झोपवतो, ती सोय तिनं बंद केली. डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं, ते नको म्हणून जुनं टाकलं. नेटवर्क विसरायला लावलं, पुन्हा जोडलं. प्रत्येक वेळी थोडा वेळ चालायचं आणि तिला वाटायचं, सापडलं. मग पुन्हा जायचं. पडद्यावर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण दिसायच्या आणि खाली लिहिलेलं असायचं, इंटरनेट नाही.

वायरींचा गुंता टेबलाखाली होता. ती गुडघ्यांवर बसून आत शिरायची आणि इंद्रकुमार मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहायचा. ज्या मोबाइलवर त्यानं दोन मिनिटांपूर्वी बोट ठेवलेलं असायचं, तोच मोबाइल. "इकडं धरू का? दिसलं का?" तो विचारायचा. तिच्या केसांत जाळी अडकली तर काढून द्यायचा. कंटाळून ती रडकुंडीला आली की म्हणायचा, "राहू दे ना. तुह्याच मशीनमधी काही तरी हाय. होईन."

तो वाईट नवरा आहे, असं गावात कोणी म्हटलं नसतं. दारूला शिवत नव्हता. हात कधी उचलला नव्हता.

पुढं हे सुशीलाबाईला कळलं. कसं कळलं तर त्यानंच सांगितलं. सांगताना दोघं मायलेक हसले. आणि मग त्या घरात एक नवीनच रीत पडली. दुपारी सुशीलाबाईला चहाची तलफ आली, की वर हाक मारायची गरज उरली नाही. ती मागच्या दारातून म्हणायची, "इंद्रू, बंद कर बरं." तो बोट ठेवायचा. खुर्ची सरकायची, पावलं वाजायची आणि दुर्गेश्वरी राउटरचे दिवे बघायला जिना उतरून यायची. सुशीलाबाई म्हणायची, "आलीच हायेस त चहा ठेव ना वो." ती चहा ठेवायची. तोवर नेट आलेलं असायचं. कधी तांदूळ निवडायचे असले, कधी सासूचे पाय चेपायचे असले, तरी तेच. ईश्वरदासनाही ठाऊक झालं. ती जिना उतरताना दिसली की ते मिशीतल्या मिशीत हसायचे आणि तोंड हायवेकडं फिरवायचे.

ती जिन्यावरून धावत यायची, हे त्यांना विशेष आवडायचं.

एकदा तिनं वायरच ओढली. राउटरपासून जिन्याच्या कडेनं थेट कॉम्प्युटरपर्यंत, खिळे ठोकून. वायरनं नेट आलं तर वायफायचा प्रश्नच नाही. मोबाइलच्या यादीत ही मशीन वेगळीच दिसत होती, ती कोणती हे इंद्रकुमारला उमगलं नाही, आणि दिवसभर नेट अखंड चाललं. ती इतकी खूश झाली की संध्याकाळी तिनं सगळ्यांसाठी भजी तळली. ईश्वरदासनी भजी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वायर खिळ्यांसकट उपटून काढली. "गिऱ्हाईक येते दुकानात. घरात वायरी लोंबतेत, चांगलं दिसते का?" तिनं स्लॅबमधून एक भोक पाडून द्या म्हटलं तर म्हणाले, "स्लॅबले भोक? पाणी पाझरलं त तुहा बाप येईन का बुजवाले?"

मग तिनं नवा डोंगल मागवला, जरा मोठा, दांडीवाला. चार-आठ दिवस उत्तम चालला आणि बिघडला. तिसरा मागवला. तोही तसाच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करून पाहिलं, तर वरच्या खोलीत आवाज अडखळायचा आणि दुपारनंतर डेटा संपायचा. शेवटी तिनं मुन्नाला बोलवायचा हट्ट धरला. इंद्रकुमार म्हणाला, "बोलाव ना. मी कोठं नाही म्हनलो?"

मुन्ना आला. वर गेला, पट्ट्या पाहिल्या, पडदा पाहिला. मग दारात उभ्या असलेल्या इंद्रकुमारकडं पाहिलं. इंद्रकुमार त्याच्याकडंच पाहत होता.

"मॅडम," मुन्ना म्हणाला, "तुमच्या खोलीचा स्लॅब लय जाड हाय."

"स्लॅब जाड असता त पट्ट्या कमी दिसल्या असत्या ना? पट्ट्या पूर्ण हायेत."

"हो… पण लोखंड हाय ना आतमधी." तो खाली गेला, राउटरची दांडी जराशी वाकवली, चहा पिऊन निघून गेला.

नागपूरच्या मदत केंद्रात तिचं काम बघणाऱ्या मॅडमचं नाव प्रेरणा. फोन मध्येच तुटला की कंपनीचं मशीन समजायचं, उत्तर देणारीनंच कापला. दुर्गेश्वरीच्या नावावर कापलेले फोन साचत गेले. एका दुपारी प्रेरणा मॅडमनी फोन केला. "दुर्गेश्वरी, तुम अच्छा काम करती हो, मुझे पता है. पर ऊपरवाले सिर्फ स्क्रीन देखते हैं. स्क्रीन पे तुम किसान का फोन काट रही हो."

"मॅडम, मैं नहीं काटती."

"तो कौन काटता है?"

काम गेलं.

त्या संध्याकाळी इंद्रकुमार हायवेवरच्या हॉटेलातून गरम जिलबी घेऊन आला. तिच्या बाजूला बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू लय मेहनत केली. सगळ्यायलेच जमते असं नाही. जाऊ दे." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. त्याचेही डोळे ओले झाले, म्हणतात. मला ते खरं वाटतं. माणसाला आपणच केलेल्या जखमेवर फुंकर घालताना रडू येऊ शकतं.

काम गेल्यावर तिनं बिघडलेले डोंगल एका डब्यात टाकून दिले होते. शेजारच्या रुख्मानं एकदा विचारलं, "आमच्या खुशीले कॉम्प्युटर घेतला, तिले नेट लावाले ते तुह्याजवळचं काही हाय का वो?" दुर्गेश्वरी म्हणाली, "हाय, पण खराब हाय. फेकाचाच हाय. घेऊन जा." रुख्मा तिन्ही घेऊन गेली. दोन-तीन दिवसांनी विहिरीपाशी भेटली, तर म्हणाली, "अवो, तू म्हने खराब. तिन्ही लावून पाहिले पोट्टीनं, तिन्ही मस्त चालते. एक परत आणून देऊ का?"

दुर्गेश्वरीनं बादली खाली ठेवली.

तिन्ही डोंगल चांगले. पट्ट्या पूर्ण. नवा लावला की चार दिवस चालायचा, मग जायचा. प्रत्येक डोंगलला स्वतःचा एक नंबर असतो आणि राउटर त्या नंबरानंच त्याला ओळखतो, हे ती क्लासमध्ये शिकवायची. म्हणजे कोणीतरी नव्याची ओळख पटेपर्यंत थांबायचं, आणि मग त्याला दारातच अडवायचं. दोष तिच्या यंत्रात नव्हता. तिनं इतके महिने चुकीच्या टोकाला शोधलं होतं.

मुन्ना चौकात खांबाला शिडी लावून वर चढला होता. ती शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"मुन्ना, मोबाइलवरून एकच मशीन बंद करता येते का?"

त्यानं वरून खाली पाहिलं. हातातली वायर पुन्हा पुन्हा बांधत राहिला. मग उतरला. "मॅडम, मले काऊन विचारता? भाऊले विचारा ना."

"तूनं शिकवलं का?"

"त्यायनं विचारलं, मी सांगितलं. मले वाटलं, लेकरं लय मोबाइल पाहतेत म्हून. तुमच्या घरी लेकरंच नाहीत, हे मले मागून आठवलं." मग, का कोण जाणे, त्याला हसू आलं. "तुमच्या मशीनचं नाव राणीसाहेब टाकलं हाय त्यायनं. राणीसाहेब एक, राणीसाहेब दोन…"

ती घरी आली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. तिनं वाढलं. मग विचारलं, "माझं नेट तुम्ही बंद करत होता का?"

इंद्रकुमारनं घास चावून गिळला. खोटं बोलेल, असं तिला वाटलं होतं. खोटं बोलला असता तर तिला भांडता आलं असतं.

"हो. मीच. मंग?"

"काऊन?"

"दिवसभर परक्या मानसायसंग गोड गोड बोलून राहिली होतीस. लोकं दुकानात येऊन मले सांगतेत, तुह्या बायकोचा आवाज कसा हाय. मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"त सांगायचं होतं. नको करू म्हणून सांगायचं होतं."

"सांगितलं असतं त तू आयकली असती? तू त मलेच शिकवते, पंप कसा असते थे." सुशीलाबाई फिस्सकन हसली. तिच्याकडं पाहून तोही हसला. "आन चहाले हाक मारा लागत नव्हती, हा एक फायदा."

"मी टेबलाखाली शिरत होते तेव्हा टॉर्च कोण धरत होतं?"

"मीच ना. अंधारात तुले कसं दिसलं असतं?"

ईश्वरदास म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाय." सुशीलाबाईनं मिठाची वाटी सरकवली. जेवण पुढं चालू राहिलं.

दुर्गेश्वरी दुसऱ्या दिवशी नवेगावबांधकडून जाणारी बस पकडून केशोरीला गेली. चैतराम बांधावरून येऊन हातपाय धूत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मारते का तुले?"

"नाही."

"दारू पेते? दुसरी बाई?"

"नाही, बाबा."

"खायाले देत नाही?"

"देते."

"मंग पोरी, मी त्यायच्या दारात जाऊन सांगू काय? जावयानं नेट बंद केलं म्हनू?"

तरीही त्यानं चार शहाणे लोक बोलावले. अंगणात खाटा टाकल्या. गावात ज्यांच्या शब्दाला मान, ते भैयाजी आले. दुर्गेश्वरीनं त्यांना डोंगल समजावून सांगितला, नंबर समजावून सांगितला, घरचे हसले ते, टॉर्च, चहा, सगळं. सांगता सांगता तिलाच ऐकू येऊ लागलं की हे किती क्षुल्लक वाटतंय. भैयाजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे वायफायच बंद केलं ना बाई? चूल त बंद नाही केली?"

खाटांवर हसू फुटलं. चैतराम हसला नाही, पण त्यानं मान खाली घातली, आणि तिला वाटलं, हसला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून केशोरीतली पोरं तिला वायफायवाली म्हणू लागली. ते नाव तिच्याआधी सडक अर्जुनीला पोचलं.

इंद्रकुमार मोटरसायकलवर तिला न्यायला आला. पेढे आणले होते. सासऱ्याच्या पाया पडला. "चुकलं माझं, मामाजी. मस्करीमस्करीत झालं. आता राउटरच्या बाजूलेच तिचा कॉम्प्युटर ठेवतो. पाहा, कसं नेट चालते थे." शेजारच्या बाया म्हणाल्या, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. ती त्याच्या मागं बसून परत गेली.

त्यानं शब्द पाळला. कॉम्प्युटर खाली दुकानात आला, वायरनं राउटरला जोडला. ती आता दुकानाची बिलं करायची. गिऱ्हाइकाशी तो बोलायचा, ती टाइप करायची. नेट एकदाही गेलं नाही. कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की कोणीतरी हळूच सांगायचं, हीच ती, आणि ते तिच्याकडं पाहून हसायचे. ती मान वर करायची नाही. इंद्रकुमार कौतुकानं म्हणायचा, "आता कशी गुमान काम करते पाहा. वर होती त डोकं फिरलं होतं तिचं."

पावसाळा गेला, धान कापणी झाली. एक दिवस बँकेतून येते म्हणून ती निघाली आणि बसस्टँडवरून तिनं प्रेरणा मॅडमना फोन लावला. माझं नेट कोण कापत होतं ते आता सांगू शकते, म्हणाली. प्रेरणा मॅडम ऐकत राहिल्या. त्या हसल्या नाहीत. "घर से काम तो अब नहीं दे सकते. नागपूर ऑफिस में बैठोगी?"

"बैठूंगी."

"कब से?"

नागपूरकडं जाणारी गाडी समोर लागलेली होती. तिच्या हातात पासबुकाची पिशवी होती, दुसरं काही नाही. ती चढली.

चैतरामला तिनं नागपुरातून फोन केला. तो म्हणाला, "आता या घरात येजो नको," आणि थोड्या वेळानं त्यानंच परत फोन करून जेवली का म्हणून विचारलं, पण ये म्हटलं नाही. सडक अर्जुनीत इंद्रकुमारनं कोणालाच काही सांगितलं नाही. न सांगूनच त्यानं सगळं पसरू दिलं. वायफायवाली फोनवरच्या माणसाबरोबर पळाली, असं गावानं ठरवलं. कोणता माणूस, असा प्रश्न आला तेव्हा लोकांना सेवकराम आठवला. सेवकराम आपल्या शेतातच होता, बायकोलेकरांसोबत. त्याच्या बायकोनं तरीही दोन महिने त्याच्याशी अबोला धरला, आणि पाइप घ्यायला तो आता कोहमाऱ्याला जातो.

नागपूरच्या ऑफिसात लांबच लांब टेबलं, प्रत्येकापुढं एक कॉम्प्युटर, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एका दुपारी तिथलं नेट गेलं. सगळ्यांचंच गेलं. बाकीच्या मुली आळस देत उठल्या, कोणी चहाला गेली, कोणी मोबाइल काढला. दुर्गेश्वरी कधी खुर्चीवरून उतरली, कधी टेबलाखाली शिरली, तिलाच कळलं नाही. वायरी हातात धरून ती एकेक जोड चाचपत होती. प्रेरणा मॅडम वाकून म्हणाल्या, "उठो दुर्गेश्वरी. सबका गया है. तुम्हारा अकेले का नहीं."

तिला उठायला वेळ लागला.

आता ती तिथंच आहे. सीताबर्डीमागं एका खोलीत दोन मुलींबरोबर राहते. लग्न मोडलेलं नाही, कारण इंद्रकुमार घटस्फोटाच्या कागदावर सही करत नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, "यीन ना. कोठं जाईन?" कॉम्प्युटर त्याच्याच दुकानात आहे, आता त्यावर त्याचा एक नोकर बिलं करतो. ती मागायला गेली नाही.

परवा देवरीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. बोली ओळखीची होती. धानाला पाणी हवं होतं आणि पंप बंद होता, माणूस भडकलेला. कंपनीला, नागपूरला आणि तिला त्यानं एका दमात शिव्या घातल्या. बाया फोनवर बसवून ठेवल्या, बायांना काय कळते पंपातलं, असंही बोलला. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, मेन स्वीचच्या खाली एक लाल बटण हाय. थे वर हाय का खाली?"

"खाली."

"वर करा. आता हिरवं दाबा. दाबून धरा, सोडू नका."

पलीकडं घरघर झाली, अडकली, पुन्हा झाली. मग पाइपातून पाणी आदळल्याचा आवाज आला.

"आलं का, भाऊ?"

माणसानं फोन कापला. तिच्या पडद्यावर पुढचा फोन वाजत होता.